कुणाला काही वाटो न वाटो

जेवता जेवता बायको म्हणाली, "ते चूकच आहे. कुणाला काही वाटो न वाटो," आणि प्राध्यापकांचा घास हातातच राहिला.

इतर नवऱ्यांना पर्समध्ये परका रुमाल सापडतो, नाहीतर फोनवर कुणाचा तरी भलत्या वेळचा निरोप दिसतो. प्राध्यापकांना वाक्य सापडलं. ते या घरातलं नव्हतं. कुणाचं होतं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं, कारण त्या वाक्याच्या मालकाच्या समोरच्या टेबलाशी ते कॉलेजात रोज बसत.

विषय तसा साधा होता. बायको ऑडिओलॉजिस्ट. लोकांना किती ऐकू येतं हे मोजणं आणि कमी येत असेल तर कानात यंत्र बसवणं हा तिचा व्यवसाय. त्या दिवशी तिच्याकडे एक म्हातारे गृहस्थ आले होते. यंत्र सारखं बंद पडतं, अशी तक्रार. यंत्र ठणठणीत होतं. मुलगाच त्यातले सेल काढून ठेवत होता, म्हणजे वडील घरातल्या बोलण्यात तोंड घालणार नाहीत.

"काढून ठेवत होता?" प्राध्यापकांच्या सासूबाई म्हणाल्या. त्यांच्याही कानात यंत्र होतं आणि नकळत त्यांचा हात तिकडे गेला.

"हो, आई. आणि वर मला म्हणतो, त्यांना काही वाटत नाही हो मॅडम, ते निवांत असतात. म्हटलं, त्यांना वाटो न वाटो, हे चूक आहे."

"म्हणजे तुला खटकलं," प्राध्यापकांनी दुरुस्ती केली.

"नाही. चूक आहे म्हटलं मी."

लेकीने ताटातून मान वर केली आणि आजीकडे पाहिलं. आजीने डोळे मिटले. या घरात कुणीतरी भिंतीवर थुंकलं असतं तरी एवढी शांतता पसरली नसती.

कारण 'चूक' हा शब्द त्या घरात बंद होता. फक्त गणिताच्या गृहपाठापुरती त्याला मुभा होती. प्राध्यापक तत्त्वज्ञान शिकवत आणि त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की 'खोटं बोलणं वाईट आहे' या वाक्यातून जगाबद्दल काडीचीही माहिती मिळत नाही. बोलणाऱ्याचं तोंड वाकडं झालंय, एवढंच कळतं. 'वाईट' म्हणजे बूट-मोजे घातलेलं 'शी!' आणि 'चांगलं' म्हणजे इस्त्री केलेलं 'वा!'. विद्यार्थी त्यांना शी-वा सर म्हणत, आणि ते त्यांच्या कानावर आलं तेव्हा त्यांना सिद्धान्त पोचल्याचं समाधान वाटलं होतं.

लेक लहान असताना शाळेतून रडत आली होती, बाई म्हणाल्या मी वाईट आहे म्हणून. प्राध्यापकांनी तिला मांडीवर घेऊन समजावलं, की वाईट नावाची वस्तू जगात कुठेच नसते, बाईंना राग आला होता एवढाच त्याचा अर्थ. मुलीचं रडणं थांबलं. तेव्हापासून घरात नियम झाला: निवाडा द्यायचा नाही, मनात काय आहे ते सांगायचं. 'तुझं चुकलं' नाही, 'मला खटकलं'. बायकोने नियम लगेच मान्य केला, कारण त्याने भांडणं फार लवकर संपत. 'मला खटकलं.' 'मला नाही खटकलं.' यापुढे भांडायला जागाच उरत नाही. बाकीच्या घरांत दारं आपटली जात तेव्हा या घरात दोन माणसं आपापल्या भावना नोंदवून आपापल्या खोलीत जात.

लेक मोठी झाल्यावर तिने मात्र एकदा विचारलं होतं, "बाबा, 'चोरी वाईट असेल, तर दुसऱ्याकडून चोरी करवून घेणंही वाईट' असं मी म्हटलं, तर त्यातल्या पहिल्या तुकड्यात मी 'शी' म्हणतेय का? मी तर अजून 'असेल तर'वरच आहे."

"चांगला प्रश्न आहे," प्राध्यापक म्हणाले होते. त्यांच्याच सिद्धान्तानुसार ते उत्तर नव्हतं, उद्गार होता.

तर, वाक्याचा मालक.

त्यांना विद्यार्थी ठामराव म्हणत. उंच, सावकाश बोलणारे, स्वतःचा कप स्वतः विसळून ठेवणारे. त्यांचं मत असं, की चूक ही चूक असते, जसा दगड दगड असतो. तुम्हाला दिसला नाही म्हणून ठेच लागायची राहत नाही. वर्गात प्रत्येक उदाहरणाच्या शेवटी ते म्हणत, "कुणाला काही वाटो न वाटो." शी-वा सर आणि ठामराव एकाच खोलीत समोरासमोर बसत, एकमेकांना 'तुम्ही' म्हणत, आणि एकमेकांविरुद्ध लेख लिहून ते वाचायला एकमेकांनाच देत, कारण तिसरं कुणी वाचत नसे. विभागप्रमुखांचा पंथ आणखी वेगळा. त्यांच्या मते नीतीबद्दलचं प्रत्येक विधान असत्य असतं, झाडून सगळी. पदोन्नतीत अन्याय झाला म्हणून कुणी अर्ज केला की ते सहानुभूतीने वाचत आणि खाली 'असत्य' असा शेरा मारून परत पाठवत.

या ठामरावांच्या कानात हिवाळ्यात शिट्टी वाजू लागली. प्राध्यापकांनीच त्यांना बायकोकडे पाठवलं. तेवढं सौजन्य त्यांच्यात होतं, आणि नंतर ते आठवलं की त्यांना स्वतःच्या सौजन्याबद्दल फार 'शी' वाटे.

शिट्टी गेली, ठामराव राहिले. दर बुधवारी कॉलेज सुटलं की ते क्लिनिकमध्ये जाऊ लागले. तपासणी कशी होते ते बघत. त्यांना म्हणे नवा धागा सापडला होता: एखाद्याला बारीक आवाज ऐकू येत नाही म्हणून आवाज नसतो असं नाही, आणि चूक जाणवत नाही म्हणून चूक नसते असंही नाही. नवऱ्याच्या विरोधी सिद्धान्ताला बायको कच्चा माल पुरवत होती. आणि परवा विभागाच्या फलकावर वार्षिक व्याख्यानाची सूचना लागली: 'ऐकू येणं आणि असणं'. वक्ते दोन. एक ठामराव. दुसरं नाव वाचून विभागप्रमुखांनी प्राध्यापकांना विचारलं, "या तुमच्याच का हो?"

बायको दुसऱ्याच्या प्रेमात पडली असती, तर त्याला काही रीतभात तरी आहे. मित्र धीर देतात, सासूबाई बाजू घेतात. बायको दुसऱ्याच्या सिद्धान्तात पडली, तर कुणाकडे जाऊन रडायचं?

त्या जेवणानंतर भांडी आवरताना प्राध्यापकांनी विषय काढला.

"मला खटकतं."

"काय?"

"बुधवार."

"बुधवारातलं काय?"

प्राध्यापकांनी ताटली पुसली. मग तीच पुन्हा पुसली. "औचित्याचा प्रश्न आहे. सहकाऱ्याच्या पत्नीने..."

"औचित्य म्हणजे चूक-बरोबरच ना? ते आपल्याकडे बंद आहे. मनात काय आहे ते सांग."

"मनात काही नाही."

"मग झालं तर," बायको म्हणाली आणि गाळणं आपटून चहाचा चोथा झटकला. "तुझ्याच हिशोबाने विषय संपला."

आतून सासूबाईंचा आवाज आला, "जावईबापू, मनात काही नसलेला माणूस ताटली एवढी पुसत नाही हो."

"आई, तुझं यंत्र चालू आहे?"

"नाही गं, बंदच आहे."

पुढच्या बुधवारी प्राध्यापक क्लिनिकमध्ये हजर झाले. "कमी ऐकू येतंय," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"लग्नापासून," लेक म्हणाली असती, पण ती तिथे नव्हती. प्राध्यापक नुसते म्हणाले, "हल्लीच."

बायकोने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेल्या ठामरावांकडे पाहिलं. ठामरावांनी उठून नमस्कार केला. "वा, तुम्हीही! मी बघितलं तर चालेल ना?" आता या प्रश्नाला 'नाही' म्हणण्यासाठी कारण द्यावं लागतं, आणि कारण द्यायचं म्हणजे पुन्हा मनात काय आहे ते आलंच.

तपासणीची खोली म्हणजे कपाटाला मोठं व्हायची इच्छा झाली तर जे होईल ते. जाड दार, भिंतींना फोम, एक खुर्ची आणि समोर काच. बायकोने त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. "आवाज कितीही बारीक असू दे, ऐकू आला की दाब. नाही आला तर दाबू नकोस. सोपं आहे."

दार लागलं. जगातले सगळे आवाज पुसले गेले. काचेपलीकडे बायको यंत्राशी बसली, तिच्या शेजारी स्टूल ओढून ठामराव. पहिला सूर आला, प्राध्यापकांनी बटण दाबलं. दुसरा आला, दाबलं. मग मध्ये जरा थांबणं आलं, आणि त्या थांबण्यात ठामरावांचे ओठ हलले. बायकोने मान न वळवता काहीतरी म्हटलं. ठामराव हसले. मग, अगदी हळूच, ती हसली.

तिचं हसणं प्राध्यापकांना दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. तिचे हसताना डोळे आधी हसतात आणि ओठ मागून येतात, हे त्यांच्या आज लक्षात आलं. एवढी वर्षं ते नेमके ओठ आल्यावर पोचत असणार. काय बोलले असतील? यंत्राबद्दल? त्यांच्याबद्दल? ओठ हलले की त्यांना काहीतरी ऐकू आल्यासारखं होई आणि अंगठा खाली जाई. ठामराव पुढे वाकले: बटण. बायकोने पेन ठामरावांच्या हातात दिलं: बटण. ठामरावांनी नुसता घसा साफ केला असावा: बटण, बटण.

दार उघडून बायको आत आली. चेहऱ्यावर डॉक्टरांचा भाव.

"तुझे कान उत्तम आहेत. पण तू नसलेले आवाजच जास्त ऐकतोयस. शेवटी तर मी सूर सोडलेच नव्हते, तरी तू दाबतच होतास."

"असं होतं काही जणांचं?" ठामरावांनी मागून आस्थेने विचारलं.

"होतं. भीती असली की."

"हे फार महत्त्वाचं आहे," ठामराव म्हणाले, आणि त्यांनी ते टिपून घेतलं. प्राध्यापकांच्या बायकोच्या पेनने.

रात्री प्राध्यापकांना झोप लागली नाही असं नाही. लागली, पण तिच्यातही त्यांचा अंगठा हलत होता. सकाळी ते उठले तेव्हा त्यांच्या डोक्यात एक विचार तयार होता. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही मत्सरी नवऱ्याला तो सुचला नसता. दुसऱ्याने ठामरावांची कॉलर धरली असती, नाहीतर बायकोसमोर डोळ्यांत पाणी आणलं असतं. प्राध्यापकांना वाटलं, आपल्या मते तर चूक-बरोबर काही नसतंच, तेव्हा आपण बोलणं व्यर्थ आहे. पण ठामरावांच्या मते असतं. मग ठामरावांनाच विचारावं. माणूस प्रामाणिक आहे. स्वतःविरुद्ध निकाल लागला तर तोही सांगेल. आणि तो 'चूक आहे' म्हणाला, की संपलं. बुधवार बंद.

"एक विचारू?" खोलीत दोघंच असताना ते म्हणाले. "तुम्ही दर बुधवारी माझ्या बायकोकडे जाता. हे चूक आहे की नाही? कुणाला काही वाटो न वाटो?"

ठामरावांनी हातातला पेपर खाली ठेवला. ते चिडले नाहीत, खजील झाले नाहीत. उलट एखाद्याने बऱ्याच वर्षांनी उसनं पुस्तक परत आणून दिल्यावर होतो तसा त्यांचा चेहरा उजळला.

"प्रश्न रास्त आहे," ते म्हणाले. "तपासून सांगतो."

"लगेच नाही सांगता येणार?"

"लगेच सांगायला ती काय भावना आहे?"

ठामराव तपासत राहिले. चहाला आले नाहीत, क्लिनिकलाही गेले नाहीत. एकदा जिन्यात प्राध्यापकांना थांबवून त्यांनी विचारलं, "मी जाऊ नये असं तुम्ही त्यांना कधी म्हणालात?" "नाही." "बरं." आणि खाली उतरून गेले. प्राध्यापकांना तो निकाल आपल्या बाजूने झुकत असल्यासारखा वाटला. तसा तो त्यांना काहीही झालं तरी वाटत होता.

व्याख्यानाच्या दिवशी दुपारी ठामरावांनी खोलीचं दार लोटून घेतलं.

"झालं. नीट पाहिलं सगळ्या बाजूंनी. लपवाछपवी आहे का? नाही. कुणाला दिलेला शब्द मोडलाय का? नाही, तुम्ही शब्द मागितलाच नव्हता. त्यांच्या कामात अडथळा होतो का? त्यांना विचारलं होतं, नाही म्हणाल्या. मग मी स्वतःला विचारलं, मला त्या आवडतात का?"

प्राध्यापकांनी खुर्चीचा हात धरला.

"आवडतात," ठामराव म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे आवडतात. कुणाला आवडणार नाहीत? पण आवडणं ही कृती नाही, तेव्हा त्यात चूक बसत नाही. मी त्यापुढे काही केलेलं नाही आणि करणार नाही. निकाल: चूक नाही." मग त्यांनी आवाज खाली आणला. "तपासताना दुसरं एक आढळलं. बायकोबद्दलचा प्रश्न बायकोला सोडून तुम्ही मला विचारलात. ते मात्र ठीक नाही."

"ते तुमचं मत झालं."

"अहो, आता कसलं मत? तुम्ही स्वतः विचारायला आलात! नसलेल्या गोष्टीची चौकशी कुणी करतं का?" ठामरावांचे डोळे खरोखर पाणावले होते. "इतकी वर्षं मी याची वाट पाहिली. व्याख्यानात उल्लेख करू का? नाव नाही घेणार. 'माझे एक सहकारी' म्हणेन."

"विभागात आपण तिघं आहोत!"

"बरं, नाही करत. पण त्यांना सांगावं लागेल. त्यांच्याबद्दल दोन पुरुषांनी खल केला आणि त्यांना पत्ता नाही, हे चूक होईल. व्याख्यानाआधी भेटून सांगतो."

ठामरावांना धमकी देता येत नसे, त्यामुळे हे खरंच घडणार होतं. प्राध्यापक छत्री, डबा, चष्म्याचं घर, सगळं तिथेच टाकून निघाले.

घरी बायको आरशासमोर केस बांधत होती. तोंडात दोन आकडे धरलेले. लेक पलंगावर पाय सोडून बसली होती आणि सासूबाई चांगली साडी नेसून सगळ्यांच्या आधीच तयार होत्या.

"जरा बोलायचंय," प्राध्यापक म्हणाले. धाप लागली होती.

"बोल की."

"एकटीशी."

"आजी, चल आपण बाहेर बसू," लेक म्हणाली.

"मला काही ऐकू येत नाहीये, मी बसते," सासूबाई म्हणाल्या. लेकीने त्यांना हाताला धरून उठवलं.

प्राध्यापकांनी भाषण तयार केलं होतं. रिक्षात ते उत्तम जमलं होतं. आता त्यातलं फक्त शेवटचं वाक्य उरलं.

"मला मत्सर वाटतो."

बायकोने तोंडातले आकडे काढले. "कुणाचा?"

"ठामरावांचा. तू त्यांच्याशी हसतेस. आणि त्यांना तू आवडतेस."

"माहीत आहे. मागच्या महिन्यात म्हणाले ते मला."

"म्हणाले? आणि तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, बरं. पेशंट थांबलाय."

"बस?"

"बस. ऐकायला बरं वाटलं मात्र. घरात कुणी म्हणत नाही." तिने एक आकडा केसांत खोचला. "पण तुला कसं कळलं?"

इथे प्राध्यापकांना खोटं बोलता आलं असतं. त्यांच्या सिद्धान्तात तशी पूर्ण सोय होती. पण ठामराव तासाभरात येणार होते.

"मी त्यांना विचारायला गेलो होतो. तुमचं बुधवारचं... चूक आहे का म्हणून."

आरशातला चेहरा थांबला. मग बायको खुर्चीतच वळली.

"त्यांना? मला सोडून त्यांना?"

"ते वस्तुनिष्ठ आहेत ना, म्हणून."

"माझा मुलाहिजा नाही, विश्वास नाही, आणि मी नीट वागतेय की नाही याचा दाखला आणायला तू परक्या माणसाकडे गेलास?"

"तुला खटकणं साहजिक..."

"खटकलंय तर खटकलंयच! पण ते सोड. उद्या मी हे विसरून जाईन, मला काही वाटेनासं होईल, तरी तू केलंस ते चूकच राहील. कळतंय?"

प्राध्यापकांकडे याला उत्तर होतं. त्यावर त्यांचे दोन लेख छापून आलेले होते. त्यांनी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की ती म्हणते ते खरं आहे. 'शी' नव्हे, खरं. टेबल खरं असतं तसं. ते मान्य करताना त्यांना पहिला विचार आला तो असा, की ठामरावांना हे पहिल्यापासून ठाऊक होतं. त्याचाही त्यांना मत्सर वाटला.

"चुकलं माझं," ते म्हणाले. तो शब्द त्यांच्या तोंडाला सवयीचा नव्हता. नव्या दातासारखा लागला.

बायको विरघळली वगैरे नाही. तिने दुसरा आकडा खोचला.

"ते पहिल्याच दिवशी काय म्हणाले माहीत आहे? तुम्ही दिवसभर नक्की काय करता ते दाखवाल का. तू कधी विचारलंस?"

प्राध्यापकांनी आठवून पाहिलं. तिची फी, तिच्या वेळा, तिच्या क्लिनिकची गळकी टाकी, हे त्यांनी विचारलं होतं. "नाही," ते म्हणाले. मग घाईने, "आता सांग ना. मला ऐकायचंय."

"आता? पाच वाजता व्याख्यान आहे. साडी बदलायचीय, आईला जिना उतरवायचाय." तिने कपाटातून साडी काढली. "तिथे ये. सगळं सांगणार आहे. सगळ्यांबरोबर ऐक."

"पुढे बसू?"

"बस कुठेही. मान मात्र हलवू नकोस, मला तुझ्या मानेकडे बघून वाक्य विसरायचं नाहीये."

प्राध्यापक पाचच्या बरेच आधी सभागृहात पोचले. तरी पहिल्या दोन रांगा भरल्या होत्या; त्यांना तिसरीत, एका वनस्पतिशास्त्राच्या बाईंच्या शेजारी जागा मिळाली. ठामरावांनी बायकोसाठी माइक खाली करून दिला आणि ते बाजूला जाऊन बसले. ती उभी राहिली. घसा साफ केला. "मी सकाळी क्लिनिक उघडते तेव्हा सगळ्यात आधी," ती म्हणाली, आणि साठ-सत्तर माणसं पुढचं ऐकायला जराशी पुढे सरकली. थोड्या वेळाने त्यांना सगळ्यांना तिच्याबद्दल अगदी तेवढंच माहीत होणार होतं जेवढं तिच्या नवऱ्याला. प्राध्यापकांनी मान ताठ धरली आणि एकेका खुर्चीवरून नजर फिरवत, वनस्पतिशास्त्राच्या बाईंपासून सुरुवात करून, त्या प्रत्येकाचा मत्सर केला.